इंजिनातील तेलगळती : आधी मूळ शोधा, मग पाना उचला

मावळातील पावसाळा हा जसा शेतीच्या कामाचा हंगाम आहे, तसाच तो यंत्रांच्या कसोटीचाही हंगाम आहे. लोणावळ्याच्या माथ्यावर वर्षाला सुमारे ४००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि पूर्वेस कामशेत, वडगाव, तळेगाव असे उतरत यावे तसा तो झपाट्याने कमी होत जातो. भाताची चिखलणी, आवणी, खतांची ने-आण ही सारी कामे या पट्ट्यात थोड्या दिवसांत उरकावी लागतात. पूर्वी हा भार बैलगाडीवर असे. आता नाणे मावळ, आंदर मावळ आणि पवन मावळ या तिन्ही भागांत लहान मालवाहू गाड्या व जीपगाड्या शेतकऱ्यांच्या दारात उभ्या असलेल्या दिसतात. बैल आजारी पडला तर तो वैरण सोडून आपली व्यथा सांगतो. इंजिनही आपली व्यथा सांगते. परंतु ती गाडीखाली पडलेल्या काळ्या थेंबांच्या रूपाने सांगते आणि आपण त्या थेंबांवर माती टाकून पुढे जातो.

प्रस्तुत लेखात इंजिनातील तेल कोठून व का गळते, ते कसे ओळखावे, त्यापैकी कोणती दुरुस्ती घरी करता येण्याजोगी आहे आणि कोणती जाणत्या कारागिराकडेच सोपवावी, याचा विचार केला आहे. उदाहरण मोटारगाडीचे घेतले असले, तरी पॉवर टिलर व पंपाचे इंजिन यांनाही यातील बहुतेक नियम लागू पडतात.

एक धडा

काही वर्षांपूर्वी पवन मावळातील एका शेतकऱ्याने मला आपली जुनी मालवाहू गाडी दाखविली. इंजिन आणि गिअरबॉक्स जेथे जोडलेले असतात, नेमक्या त्या सांध्याखाली तेलाचे थेंब पडत होते. मी वाकून पाहिले आणि क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, "क्रँकचे मागचे सील गेलेले दिसते." माझ्या शब्दावर विश्वास ठेवून त्याने गाडी कारागिराकडे नेली. गिअरबॉक्स उतरवावा लागला. सील नवे बसले. या कामात चार दिवस गेले आणि आवणीसाठी जपून ठेवलेल्या पैशातील बराचसा भाग त्यात खर्च झाला.

आठवडा उलटतो न उलटतो तोच तो माझ्याकडे आला. "साहेब, खताच्या गोण्या घेऊन दुधिवरे खिंड चढलो आणि तेल पुन्हा गळायला लागलं. पहिल्यापेक्षा जास्तच," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. परंतु रोपे वाफ्यात वाढत होती आणि चिखलणीचा पॉवर टिलर दुसऱ्या गावाहून त्याच गाडीने आणावयाचा होता.

या खेपेस आम्ही गाडी धुऊन, कोरडी करून, वरपासून खालपर्यंत तपासली. दोष सीलमध्ये नव्हताच. इंजिनातील कोंडलेली हवा बाहेर सोडणारी नळी, जिला ब्रीदर म्हणतात, ती तिच्या खालच्या तोंडाशी घट्ट बुजलेली होती. आदल्या हंगामात टिलर उतरविण्यासाठी गाडी खाचराच्या बांधाला मागे लावली असता नळीचे तोंड चिखलात बुडाले होते. तो चिखल वाळून विटेसारखा कठीण झाला होता. श्वासाची वाट बंद झाल्यामुळे इंजिनात दाब साठला आणि त्या दाबाने तेल मिळेल त्या फटीतून बाहेर ढकलले जाऊ लागले. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून निघालेले तेल इंजिनाच्या पाठीवरून ओघळत खाली येई आणि सांध्यापाशी थेंब होऊन पडे. मी थेंब पाहिला, ओघळ पाहिला नाही.

नळी साफ झाली, टॅपेट कव्हरचे पॅकिंग बदलले आणि गळती थांबली. एवढ्या कामास अर्धा दिवस पुरला. मात्र मधल्या काळात रोपांचे वय वाढले होते. एकवीस ते पंचवीस दिवसांचे रोप लावणीस उत्तम. त्या शेतकऱ्याची आवणी झाली तेव्हा रोपे पस्तीस दिवसांच्या पुढे गेली होती. जून झालेल्या रोपाला फुटवे कमी येतात, हे मावळातील शेतकऱ्यास सांगावयास नको. त्या वर्षी त्याच्या खाचरातील चुडे विरळ राहिले. त्या विरळ पिकात माझ्या घाईच्या निदानाचाही वाटा होता.

भाताचे पान पिवळे पडले की लगेच युरिया फेकू नये, असे आम्ही शेतकऱ्यांना सांगत असतो. नत्राची उणीव, जस्ताची उणीव, साचलेले पाणी अथवा मुळांवरील कीड यांपैकी कारण काहीही असू शकते. तोच नियम मला गाडीपाशी आठवला नाही.

थेंबाचा हिशेब

"थोडे तेल गळतेच, त्यात काय विशेष?" असे पुष्कळ जण म्हणतात. म्हणून थोडा हिशेब मांडू. तेलाचे सुमारे वीस थेंब म्हणजे एक मिलिलिटर. इंजिन चालू असताना दर दहा सेकंदांस एक थेंब पडत असेल, तर तासाला ३६० थेंब, म्हणजे सुमारे १८ मिलिलिटर तेल जाते. हंगामात गाडी दिवसाला सहा तास चालली, तर रोज सुमारे १०८ मिलिलिटर आणि दहा दिवसांत एक लिटरहून अधिक तेल नाहीसे होते. अनेक गाड्यांत तेलाच्या पट्टीवरील वरची व खालची खूण यांतील अंतर सुमारे एका लिटराचेच असते. तेव्हा भरलेले इंजिन दहा दिवसांत धोक्याच्या खुणेवर येते. पुढे तेल कमी पडून बेअरिंग तापली आणि क्रँक जाम झाला, म्हणजे एका वॉशरने भागले असते तेथे संपूर्ण इंजिन उतरविण्याची पाळी येते.

याखेरीज आणखी दोन धोके आहेत. तेल एक्झॉस्टच्या तापलेल्या नळावर पडले तर प्रथम धूर व जळका वास येतो आणि गळती मोठी असल्यास आग लागू शकते. क्लचच्या तबकडीवर तेल गेले तर ती घसरू लागते. सपाट रस्त्यावर हे फारसे जाणवत नाही; परंतु भरल्या गाडीने चढ चढताना इंजिन नुसते ओरडते आणि गाडी जागची हलत नाही. बोरघाटात अशा वेळी काय प्रसंग ओढवेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

गळणारा पदार्थ तेलच आहे काय?

गाडीखाली ओल दिसली की ती इंजिनातील तेलाचीच असते, असे नाही. रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा अथवा जुन्या वर्तमानपत्राचे कागद पसरून ठेवावेत आणि पुढच्या चाकांच्या जागा त्यावर खुणेने दाखवाव्यात. सकाळी डाग कोठे व कोणत्या रंगाचा पडला आहे ते पाहावे.

इंजिनातील तेल तपकिरी किंवा काळे असते आणि बोटांत चोळले असता बुळबुळीत लागते. गिअरचे तेल अधिक दाट असून त्याला गंधकासारखा उग्र वास असतो. रेडिएटरमधील शीतक हिरवे, गुलाबी अथवा निळे असते. ते पाण्यासारखे पातळ असून विषारी असते. म्हणून त्याची चव कधीही घेऊ नये आणि जनावरांना ते चाटू देऊ नये. ब्रेकचा द्रव पातळ व फिकट असतो आणि तो बहुधा चाकाच्या आतील बाजूस किंवा ब्रेकच्या नळीखाली आढळतो. तसा तो आढळल्यास गाडी मुळीच चालवू नये. वातानुकूलन यंत्र असलेल्या गाडीखाली पडणारे स्वच्छ पाणी हा दोष नव्हे.

तेल कमी होत असूनही खाली डाग पडत नसेल, तर ते इंजिनात जळत असण्याचा संभव असतो. एक्झॉस्टमधून निळसर धूर येणे ही त्याची खूण होय. हा रोग पिस्टनच्या रिंगांचा अथवा व्हॉल्व्हच्या सीलचा असतो. पॅकिंग बदलून तो बरा होणार नाही.

मूळ कसे शोधावे

तेल गुरुत्वाने खाली येते आणि गाडी चालू असताना वाऱ्याने मागे फेकले जाते. म्हणून गळतीचे मूळ बहुधा डागाच्या वर व पुढे असते. शोध घेताना सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची ओली जागा सापडेपर्यंत थांबू नये.

मावळात या शोधाला पाऊस व चिखल आडवे येतात. पावसाचे पाणी ओघळ धुऊन टाकते आणि खाचरातील चिखल इंजिनाच्या पोटाला थापला जाऊन तेल शोषून घेतो. म्हणून ही तपासणी शक्यतो मे महिन्यात करावी. पावसाळ्यातच करणे भाग पडले, तर गाडी कोरड्या छपराखाली घ्यावी आणि पुढील क्रम पाळावा.

१. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. गाडी सपाट जागी लावून तेलाची पट्टी काढावी, पुसावी, पुन्हा बुडवून तेलाची पातळी पाहावी. तेल वरच्या खुणेहून अधिक भरले असेल, तर तेही गळतीचे कारण होऊ शकते.

२. इंजिनाचा बाहेरील भाग तेल काढणाऱ्या द्रावणाने व ब्रशने स्वच्छ करून पुसून घ्यावा. विजेचे सांधे, अल्टरनेटर आणि हवेच्या फिल्टरचे तोंड यांवर पाण्याचा फवारा मारू नये. नव्या गाड्यांतील इलेक्ट्रॉनिक भागांना ओल मुळीच सोसत नाही.

३. संशयाच्या जागी, म्हणजे कव्हरच्या सांध्यांवर, फिल्टरभोवती व चेंबरच्या कडेला, अंगाला लावावयाची साधी टाल्क पावडर पातळ भुरभुरावी. पट्टे फिरतात त्या बाजूस ती टाकू नये.

४. इंजिन दहा-पंधरा मिनिटे चालवून गरम करावे. नंतर ते बंद करून विजेरीच्या उजेडात पाहावे. पांढऱ्या पावडरीवर जेथे प्रथम काळी रेघ उमटते, तेथे मूळ असते. चालू इंजिनाजवळ सैल कपडे, पदर अथवा उपरणे नेऊ नये.

५. उभ्या गाडीत गळती दिसली नाही, तर भरल्या गाडीने एखादा चढ चढून पुन्हा पाहावे. भाराखाली इंजिन अधिक तापते, तेल पातळ होते आणि आतील दाब वाढतो. जीप व तत्सम गाड्यांत इंजिन लांबीच्या दिशेने बसविलेले असते. त्यामुळे चढावर चेंबरमधील तेल मागे सरकून मागील सीलपाशी साठते. जी गळती अंगणात दिसत नाही, ती खिंडीत दिसते, याचे कारण हेच.

सुसज्ज कार्यशाळेत तेलामध्ये विशिष्ट रंगद्रव्य मिसळून ते अतिनील दिव्याखाली पाहण्याचीही सोय असते. अवघड गळतीच्या बाबतीत हा उपाय उपयोगी पडतो.

आधी इंजिनाचा श्वास पाहा

कोणतेही सील बदलण्यापूर्वी ब्रीदरची नळी तपासावी. सिलिंडरमधील थोडा वायू पिस्टनच्या बाजूने निसटून खाली क्रँकच्या घरात येतच असतो. त्याला बाहेर पडण्यास वाट हवी. जुन्या गाड्यांत ही नळी खाली उघडी सोडलेली असते. नव्या गाड्यांत ती एका झडपेतून इंजिनाच्या हवेच्या मार्गास जोडलेली असते. नळी दबलेली, मोडलेली अथवा चिकट काजळीने बुजलेली असल्यास ती साफ करावी किंवा बदलावी.

एक सोपी चाचणी अशी : इंजिन मंद गतीने चालू ठेवून तेल भरण्याचे झाकण सैल करावे व जागेवरच नुसते टेकवून ठेवावे. झाकण उघडताच कोंडलेली हवा फुस्सकन सुटली आणि नंतर शांत झाली, तर नळी बुजलेली आहे असे समजावे. नळी साफ असूनही झाकण सतत नाचत राहिले आणि धुराचे लोट येत राहिले, तर पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या आहेत. पेट्रोलच्या इंजिनात झाकण किंचित ओढले जाणे स्वाभाविक आहे.

पावसाळ्यात झाकणाच्या आतील बाजूस कधी कधी दुधाळ साय दिसते. लहान लहान फेऱ्यांत इंजिन पुरेसे तापले नाही, म्हणजे आतील बाष्प तेथे जमते. पट्टीवरील तेल स्वच्छ असेल तर काळजीचे कारण नाही. परंतु पट्टीवरील तेलच ताकासारखे दिसत असेल, तर त्यात पाणी शिरले आहे, असे समजून इंजिन सुरू करू नये.

गळतीची ठिकाणे व दुरुस्ती

ड्रेन बोल्ट : तेल बदलताना जुनाच वॉशर पुन्हा बसविल्यामुळे येथून गळती होते. तांब्याचा अथवा ॲल्युमिनियमचा वॉशर दर वेळी नवा घ्यावा. गळती थांबत नाही म्हणून बोल्ट जोराने आवळू नये. आटे गेले तर चेंबरच बदलावा लागेल.

तेलाचा फिल्टर : जुन्या फिल्टरची रबरी कडी इंजिनाला चिकटून राहिली आणि तिच्यावरच नवा फिल्टर बसविला, तर तेल वेगाने बाहेर पडते. म्हणून जुनी कडी निघाली आहे ना, हे बोट फिरवून पाहावे. नव्या कडीला तेलाचे बोट लावावे आणि कडी टेकल्यानंतर फिल्टरवर छापलेल्या सूचनेप्रमाणे, बहुधा पाऊण फेरा, हातानेच आवळावे.

तेलदाबाचा स्विच : बोटाएवढा हा भाग दुर्लक्षित राहतो. त्याच्या विजेच्या टोकाशी तेल आले असेल, तर स्विच बदलणे हाच उपाय होय.

टॅपेट कव्हर : येथील पॅकिंग उष्णतेने कडक होऊन चिरते. इंजिन थंड असताना बोल्ट थोडे थोडे सैल करून कव्हर उचलावे. दोन्ही पृष्ठभाग लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने साफ करावेत. लोखंडी पातीने ॲल्युमिनियमवर ओरखडे पडतात आणि तेथूनच पुढची गळती सुरू होते. खरवडलेला कचरा इंजिनात पडू देऊ नये. नवे पॅकिंग बसवून बोल्ट मध्यापासून कडेकडे, आळीपाळीने, दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत. सिलिकॉनचा लेप जेथे दोन भागांचा सांधा येतो तेथेच, तोही थोडासा लावावा. अधिक लावलेला लेप आत सुटून तेलाच्या पंपाची जाळी बुजवितो. लेप वाळण्यास नळीवर सांगितलेला वेळ द्यावा, मगच इंजिन सुरू करावे.

चेंबरचे पॅकिंग : प्रथम सर्व बोल्ट एकसारखे आवळलेले आहेत काय, हे पाहावे. अति आवळल्याने पत्र्याची कड वाकते. अशी कड सरळ केल्याशिवाय नवे पॅकिंगही टिकणार नाही. गाडीखाली शिरण्यापूर्वी चाकांना उटी लावावी आणि गाडी भक्कम ठोकळ्यांवर टेकवावी. केवळ जॅकच्या भरवशावर कोणीही गाडीखाली जाऊ नये. खाचराकाठच्या ओल्या जमिनीत तर जॅक रुततोच.

क्रँकची सीले : पुढील सील पुलीच्या मागे असते व मागील सील गिअरबॉक्सच्या आड असते. दोन्ही कामे जाणत्या कारागिराकडेच द्यावीत. सील बदलताना दांड्यावर खाच पडली आहे काय, हे पाहण्यास सांगावे. खाच असल्यास नवे सीलही फार दिवस टिकत नाही. मागील सीलसाठी गिअरबॉक्स उतरलाच आहे, तर क्लचची तबकडीही त्याच वेळी तपासून घ्यावी.

तेल भरताना गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचेच तेल घ्यावे. नव्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुराच्या गाळणीला जपणारे विशिष्ट तेल लागते. दुसरे स्वस्त तेल घातल्यास गाळणी लवकर बुजते.

केव्हा थांबावे

तेलाचा लाल दिवा लागला, तर गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन इंजिन ताबडतोब बंद करावे. हा दिवा तेलाचा दाब गेल्याची सूचना देतो. "गावापर्यंत तरी जाऊ" असा विचार त्या वेळी करू नये. बॉनेटमधून धूर आला, क्लच घसरू लागला अथवा गाडीखाली धार लागली, तरी हाच नियम पाळावा. केवळ ओल दिसत असेल व थेंब पडत नसेल, तर रोज सकाळी पट्टी पाहून आवणीचे काम पुरे करण्यास हरकत नाही.

जुन्या तेलाचे काय करावे?

काढलेले तेल बांधावर, ओढ्यात किंवा गटारात ओतू नये. तेलाचा पातळ थर पाण्यावर दूरवर पसरतो आणि पाण्याला हवा मिळू देत नाही. कुरवंड्याच्या डोंगरात उगम पावणारी इंद्रायणी पुढे देहू व आळंदीस जाते. आपल्या ओढ्याचे पाणी तिलाच मिळते. वडगाव मावळ येथील भात संशोधन केंद्राने १९८७ साली प्रसारित केलेल्या भाताच्या वाणास याच नदीचे नाव आहे. वापरलेले तेल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. ते झाकणाच्या डब्यात साठवून अधिकृत संकलकाकडे पोहोचेल अशा कार्यशाळेत द्यावे. तेलाने भिजलेला भुसा व चिंध्या शेणखतात टाकू नयेत.

कार्यकर्त्यांना विनंती

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी मे महिन्यात, बियाणे प्रक्रियेच्या प्रात्यक्षिकाबरोबरच, गावातील गाड्या व टिलर यांच्या तपासणीचा एक दिवस ठरवावा. पुठ्ठा, विजेरी, ब्रश आणि पावडरीचा एक डबा एवढे साहित्य त्यास पुरे. विहिरीवरचे इंजिन वर्षानुवर्षे सांभाळलेले अनुभवी शेतकरी प्रत्येक गावात आहेत. त्यांना पुढे बसवावे. त्यांचा कान आपल्या पुस्तकाहून पुष्कळदा अधिक तयार असतो.

ज्या शेतकऱ्याची हकिकत वर सांगितली, तो आता दर वर्षी रोहिणी नक्षत्रात वाफ्यात बी टाकण्यापूर्वी गाडीच्या ब्रीदरमधून एक तार फिरवून घेतो. गेल्या हंगामात मी त्याच्या बांधावर गेलो, तेव्हा त्याने मला आधी पीक दाखविले नाही. गाडीखाली अंथरलेला पुठ्ठा ओढून दाखविला. तो कोरडा होता. "आता बघा साहेब, सावकाश बघा," तो म्हणाला. मी या वेळी सावकाश पाहिले.